अकरा मोटरींची रांग

धाकट्या दिराच्या शेतावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, वर्षभरात दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा तो दारव्ह्याला माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला. चहा नको म्हणाला. म्हणजे काम मोठं होतं.

“वहिनी, दादा म्हंते तुमी मशीनची अक्कल बनवता.”

“अक्कल नाही बनवत भाऊजी. आकडे भरते.”

“तेच ते. आमच्या मोटरीच्या ऑटोतबी भरून द्या.”

ती कापसाची वाईट वर्षं होती. कापूस कधी, कुठे फसेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि तरी जून आला की सगळे कापूसच लावत होते. दिराने काय लावावं यात मी पडत नसे. शेतीतलं मला कळत नाही. मी यवतमाळची, वडील कचेरीत, माहेरी कोणी कधी वखर धरलेला नाही. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं कारण त्या शाखेत जागा शिल्लक होत्या. लग्न होऊन दारव्ह्याला आले. नवरा शाळेत मास्तर, शेत गावाकडे दिराच्या ताब्यात. घरी बसून करमेना म्हणून स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान काढलं. लोक आधी बाई पाहून परत जायचे, मग दुसऱ्या दुकानातून वस्तू तशीच परत आली की माझ्याकडे यायचे.

सुरुवातीला रेडिओ आणि टीव्ही. पुढे जी वस्तू उघडावी तिच्यात एक काळी चिप दिसू लागली. कधी आठ पायांची, कधी अठरा, कधी चाळीस. रिमोटमध्ये, किराणा दुकानाच्या वजनकाट्यात, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये, इमर्जन्सी लाइटमध्ये. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं. तिच्या पोटात कामांची एक यादी लिहून ठेवलेली असते. काही पायांवरून ती बाहेरचं पाहते, म्हणजे त्या पायावर वीज आहे की नाही एवढंच पाहते. मध्ये मोजते, तुलना करते. आणि बाकीच्या पायांवरून काहीतरी चालू किंवा बंद करते. यादी संपली की पुन्हा पहिल्या ओळीवर. दिवसभर, वर्षभर तेच.

धुण्याच्या मशीनचं उदाहरण मी गिऱ्हाइकांना नेहमी द्यायचे. बाई सांगत येते की मशीन बिघडलं, नुसतं उभं राहतं. मी विचारते, नळाला धार किती? धार करंगळीएवढी. मशीन बिघडलेलं नसतं. टाकी भरल्याची खूण आल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं, म्हणून ते थांबून राहतं. नळ कोरडा झाला तरी थांबून राहील. त्या चिपला घाई नसते, राग नसतो, आणि तिला माणसं ओळखता येत नाहीत. मला हे काम आवडायचं ते म्हणूनच.

तर दिराचं काम. त्याच्या शिवारात अकरा विहिरी, अकरा मोटरी, आणि सगळ्यांना मिळून एक डीपी. तीन फेजची लाइन दिवसातून आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि येण्याची वेळ म्हणावी तर नक्की नाही. तिची वाट पाहत शेतात कोण बसेल? म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो लावलेला. लाइन आली की मोटर आपोआप चालू. सोय चांगली, पण लाइन आली की अकराही मोटरी एकाच क्षणी उठायच्या. मोटर चालताना जेवढी वीज घेते त्याच्या पाच-सहा पट ती उठताना ओढते. स्टँडवर फुलसावंगीची जीप लागली की सगळे एकदम दाराशी धडकतात आणि दारच निखळतं, तसा प्रकार. डीपीचे फ्यूज उडायचे. फ्यूज रोज कोण बांधेल म्हणून कोणीतरी त्या जागी जाड तार घातली. मग फ्यूज उडेनासे झाले आणि डीपी जळू लागली.

एकदा डीपी जळाली की नवी यायला आठवडे लागतात. अर्ज, खेटे, मग ती आली आहे असं कळलं की ट्रॅक्टर घेऊन आपणच आणायला जायचं. दिराला तेवढे आठवडे परवडत नव्हते. त्याचा चार एकराचा तुकडा बरड. वीतभर मातीखाली मुरूम. शेजारच्या काळ्या जमिनीत पाऊस गेल्यावरही ओल राहते, याच्या जमिनीत राहत नाही. दसरा ते दिवाळी बोंडं भरतात, तेव्हा त्या कापसाला दोन पाणी मिळाले तर कापूस, नाही तर नुसत्या पऱ्हाट्या, वाळकी झाडं. मागच्या खेपेला डीपी नेमकी त्याच दिवसांत गेली होती.

“यंदा हे दोन पाणी झाले पाह्यजे वहिनी,” तो म्हणाला. “नाही झाले तं मी सोडून देतो. खरं सांगून राह्यलो.”

तो उगाच बोलणारा माणूस नाही. मी काम घेतलं.

उपाय अवघड नव्हता. प्रत्येक स्टार्टरला एक छोटी पेटी. आत आठ पायांची चिप. लाइन आली की चिप मोजायला लागते, आणि तिच्यात भरलेली मिनिटं संपली की रिले, म्हणजे पेटीतलं बटण, ओढते, मोटर चालू होते. पहिल्या पेटीत एक मिनिट, दुसरीत दोन, शेवटच्या पेटीत अकरा. अकराव्या मिनिटाला सगळ्या चालू आणि डीपीवर एका वेळी एकाच मोटरीचा धक्का. चिप भरायची पट्टी माझ्या जुन्या संगणकाला जोडलेली होतीच. आठवड्याभरात पेट्या तयार झाल्या. राहिला प्रश्न नंबराचा.

त्यासाठी गावात मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी चिठ्ठ्या टाका म्हटलं. मग पोळ्याला ज्यांची जोडी तोरणाखाली पहिली उभी राहते ते मानकरी, सत्तरीचे, काठी टेकून म्हणाले, “चिठ्ठ्या कायले? गावात रांग ठरेल हाय ना. पोळ्याले लागते तेच रांग.”

“काका, हे बैल नाहीत, मोटरी आहेत.”

“मोटरी कोनाच्या हायेत?”

लोक हसले. एकजण मागून म्हणाला, “आता मोटरीले झूल बांधा अन् शिंगं रंगवा, म्हंजे झालं.” पण हसता हसता ठरलं तेच. पोळ्यात पहिला तो इथेही पहिला. दिराचं घर शेवटी. माझे आजेसासरे पांढरकवड्याकडून या गावात आले, त्याला दोन पिढ्या झाल्या तरी आमची जोडी तोरणाखाली शेवटीच लागते. दिराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल. डीपीला कोण पहिला आणि कोण शेवटचा याने काही फरक पडत नाही. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

माझी पहिली चूक ती. डीपीला फरक पडत नव्हता, दिराला पडत होता.

पेट्या बसल्या आणि पाऊस सरेपर्यंत सगळं नीट चाललं. लाइन आली की शिवारात एकामागून एक मोटरी लागायच्या. दहा नंबरवाल्या शेजाऱ्याने तर लाइनमनला मुद्दाम बोलावून दाखवलं. लाइनमन म्हणाला, “बाईनं मोटरीईले शिस्त लावली, आता तुमाले लावली म्हंजे बरं.” मी पण दोनदा जाऊन पाहून आले. आपण लिहिलेल्या बारा-पंधरा ओळी आठ किलोमीटरवर शेतात चालताना दिसल्या तर बरं वाटतं, हे कबूल करते.

मग दसऱ्याच्या आसपास लाइन डोळे मिचकावायला लागली. कुठेतरी तारा जोडणारा जंपर ढिला होता. वारा आला की लाइन एका सेकंदासाठी जायची आणि यायची. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. लाइनमनला सांगितलं, तो बघतो म्हणाला.

आता यात पेटीचं काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चिपला लक्षात ठेवायला वीज लागते. लाइन सेकंदभर गेली की तिची पाटी पुसली जाते. परत आली की ती पहिल्या ओळीपासून सुरू करते, म्हणजे पुन्हा पूर्ण मिनिटं मोजते. एक नंबरवाल्याचं त्यात एक मिनिट जातं. अकरा नंबरवाल्याची अकरा जातात. आणि लाइन दर दहा-अकरा मिनिटांनी मिचकत असेल, तर अकरा नंबरची मोटर दिवसभर लागतच नाही. पेटी बिघडलेली नाही. ती मोजतेच आहे. दहा मिनिटांपर्यंत येते आणि पुन्हा शून्य.

दिराने तीन दिवस विहिरीवर बसून हे पाहिलं. चौथ्या दिवशी दुकानात आला. या वेळी बसला पण नाही.

“सगळ्याईचं पाणी चालू हाय. मी बसून त्याईच्या मोटरी आयकतो. माह्यी पेटी मोजूनच राह्यली. काहून मोजते ते वहिनी? मी तिले लाथ मारली असती.”

“मारली का?”

“तुमी बनवली म्हणून नाही मारली.”

“बोंडं कशी आहेत?”

“सुपारीएवढी. आता पाणी भेटलं तं भरतीन. आठ दिवसांनी देऊन फायदा नाही.”

इलाज होता. अंगठ्याएवढा एक कॅपॅसिटर. तो भरलेला असला की लाइन गेल्यावरही चिपला चार-पाच सेकंद पुरेल एवढी वीज देतो. तेवढ्यात लाइन परत आली तर चिपला ती गेल्याचं कळतच नाही. तिचं मोजणं चालू राहतं, आणि मोजून झालं असेल तर रिले ओढायचा हुकूम तसाच कायम असतो. रिले आणि मोटर लाइनबरोबर बंद पडतात, पण लाइन परत येताच तत्काळ उठतात. मी त्याच संध्याकाळी जाऊन दिराच्या पेटीत तो बसवला. कोणाला सांगितलं नाही. एका पेटीने काही होत नाही. मिचकल्यावर एकच मोटर लगेच उठेल, बाकी दहा आपापल्या नंबराने. डीपीला कळणारही नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिराच्या कापसाला पाणी लागलं. दोन दिवसांत अर्ध्याच्या वर भिजला. जाऊ फोनवर म्हणाली, “पान्याचा आवाज आला की मले झोप येते वहिनी, इतके दिवस येत नव्हती.”

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर मोटरसायकली थांबल्या. पाच माणसं. पुढे दहा नंबरवाला.

“बाई, लाइन गेली अन् आली, तं सगळ्यात आंधी तुमच्या दिराची मोटर लागते. आमी पाह्यत राहतो. शेवटचा नंबर पह्यला कसा झाला?”

मी सांगितलं काय केलं ते. लपवण्यासारखं काही नव्हतं.

“मंग आमाले काहून नाही बसवला?”

“तुमची मोटर लागतेच आहे ना?”

“लागते, पन दहा मिंटं थांबते. घरच्या मानसाची सोय गुपचूप केली अन् आमी गावचे लोक मोजत बसावं काय?”

“सगळ्यांना बसवला तर लाइन मिचकली की अकराही एकदम उठतील. पेट्या नसल्यासारखंच होईल.”

“आं, सेकंदभराचं काय होते त्याच्यानं! मोटर फिरूनच राह्यते तेवढ्यात.”

यात थोडं तथ्य होतं, आणि तेच वाईट झालं. एखादा सेकंद गेला तर मोटर अजून फिरत असते, धक्का कमी बसतो. तीन-चार सेकंद गेले तर पाण्याच्या वजनाने ती थांबलेली असते, आणि मग धक्का पूर्ण बसतो. मी हे सांगितलंही. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. स्वतःच्या दिराच्या पेटीत तो बसवून झाल्यावर दुसऱ्याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मानकरी स्वतः आले नव्हते, त्यांचा निरोप आला होता. सोय करायची तर सगळ्यांची करा, नाही तर दिराचीही काढा. दिराची काढली असती तर त्याचं उरलेलं शेत आणि दुसरं पाणी गेलं असतं.

मी दोन दिवसांत दहा कॅपॅसिटर बसवले. नवव्या पेटीत डाग देताना माझ्या हातून सोल्डर सांडलं, एवढं आठवतं. आपण काय करतोय हे मला चांगलं माहीत होतं.

घरी येऊन मी नवा प्रोग्राम लिहिला. चिपच्या एका रिकाम्या पायाला थेट लाइनची खूण द्यायची. लाइन सेकंदभर जरी गेली तरी चिपने रिले सोडायचा, आणि परत आल्यावर पूर्ण मिनिटं नाही, नंबरामागे तीन सेकंद मोजायचे. एक नंबरला तीन, अकरा नंबरला तेहतीस. कोणाची मोटर अडकून राहत नाही आणि डीपीवर एकदम भार पडत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पहिल्या दिवशीच. टेबलावर पेट्या तपासताना मी लाइन चालू आणि बंद करून पाहिली होती, मिचकवून पाहिली नव्हती. दारव्ह्यात राहून लाइन मिचकते हे विसरायचं म्हणजे कमाल आहे.

अकरा चिपा भरून मी गावात निरोप धाडला की पेट्या एकेक तासासाठी द्या. उत्तर आलं, आता पाणी चालू आहे, पेटी काढायची नाही, पुढच्या आठवड्यात रात्रीची लाइन आली की बघू. दहा नंबरवाला म्हणाला, “बाई, एका महिन्यात दुसऱ्यांदा पेटी खोलता. डाक्टर एवढं पोट फाडत नाही.” दिराने एकट्याने होकार दिला. मी म्हटलं, निदान तुमची तरी बदलते, मग बाकीच्यांना चालताना दाखवू.

गुरुवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या जीपने गेले. दिराची पेटी पाऊण तासात झाली. लाइन चालू होती, त्याचं दुसरं पाणी आदल्या दिवशी लागलेलं, चार एकरातल्या पहिल्या पंधरा-वीस ओळी भिजल्या होत्या. तो पाण्याच्या दांडावर फावडं घेऊन उभा होता. मी मोटर बंद-चालू करून त्याला नवा हिशोब दाखवला. लाइन मुद्दाम सेकंदभर तोडली, परत जोडली, आणि आम्ही दोघांनी तेहतीस सेकंद मोजले. मोटर बरोबर लागली.

“हे बरं हाय,” तो म्हणाला. “सगळ्याईले दाखवू.”

तो दहा नंबरवाल्याला बोलवायला बांधापर्यंत गेला. वारा सुटला होता. साडेदहा-अकराचा सुमार असेल. तेवढ्यात लाइन गेली.

शिवारात एकदम शांत झालं. मी आपोआप मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथ्याला लाइन आली.

दहाही मोटरी एका आवाजात उठल्या. उठल्या म्हणजे उठायला गेल्या. मोटर उठताना जो घुमारा येतो तो चढत जातो. हा चढला नाही, दबून राहिला. दिराची पेटी माझ्यासमोर होती. तिच्यातला हिरवा दिवा मिचकत होता, ती सांगितल्याप्रमाणे तेहतीस सेकंद मोजत होती. मी मेन बंद करायला हात पुढे केला आणि लक्षात आलं की त्याचा उपयोग नाही, हीच एक मोटर बंद आहे. डीपी बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर. आधी तिचा हुंकार वाढला, मग ठो झालं, आणि झाकणाच्या कडेने काळं तेल खाली आलं. धूर फार नव्हता. हिरवा दिवा आणखी चार सेकंद चालू राहिला, कॅपॅसिटर होता म्हणून. मग तोही गेला.

दीर बांधावरून परत आला नाही. तिथेच खाली बसला. दहा नंबरवाला त्याच्याशेजारी उभा होता, डीपीकडे तोंड करून. काही वेळाने तो मला ओरडून म्हणाला, “बाई, तुमची पेटी जळली काय?”

“नाही. सगळ्या पेट्या चांगल्या आहेत.”

“मंग?”

“त्यांनी जे सांगितलं ते केलं.”

लाइनमन दुपारी आला, डीपीला हात लावून पाहिला, तेल आधीच कमी होतं म्हणाला. फ्यूजच्या जागची जाड तार पाहून शिवी घातली, माझ्याकडे बघून जीभ चावली. कोणी म्हणालं तेलामुळे गेली, कोणी तारेमुळे. दोन्ही खरं होतं. मला कोणी बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, ते तयार होतं.

मानकऱ्यांची जमीन काळी आणि त्यांचं दुसरं पाणी चार दिवसांपूर्वीच आटोपलेलं. दोन ते पाच नंबरवाल्यांचंही बहुतेक झालेलं, ऑटो तेवढे कोणी बंद केले नव्हते. जसजसा नंबर खाली तसतसं पाणी कमी. शेवटी दिराच्या पंधरा-वीस ओळी. त्याने शेजारच्या शिवारातून डिझेल इंजिन मिळतं का पाहिलं. ज्यांच्याकडे होतं त्यांचं त्यांनाच पुरत नव्हतं. बैलगाडीवर ड्रम ठेवून दोन दिवस पाणी घातलं, कडेच्या ओळींना. मग ते थांबवलं.

नवी डीपी सव्वा महिन्याने आली. ती चालू करायच्या आदल्या दिवशी बैठक झाली, मला बोलावलं नव्हतं. दिराने सांगितलं ते असं की पेट्या काढून टाकायच्या आणि जुना ऑटो परत जोडायचा ठरलं. मोजण्याबिजण्याच्या भानगडीत पडायचं नाही. मी नव्या चिपांची गोष्ट पुन्हा काढली. तुमचीच पेटी आता बरोबर चालते, तुमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, हे त्यांना सांगा म्हटलं.

“सांगतलं,” तो म्हणाला. “मले म्हणाले, तुह्यी चालली असन, आमची डीपी गेली.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणू? मी अकरा नंबरचा मानूस.” मग त्याने विचारलं, “वहिनी, मले शेवटी नसतं बसवलं, तं तुमी तो कॅपॅसिटर बसवला असता काय?”

“नाही.”

“मंग कोनीच नसता मांगतला.”

“नाही.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने दुसऱ्याच दिवशी विहिरीतली मोटर वर काढली. कशाला काढतोस म्हणून माझ्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाला, पाणी कोणाले देऊ आता. जाऊने तिच्या भावाला फोन केला. भाऊ नागपूरला एका गोदामावर होता, तिथे पहारेकऱ्याची जागा आहे म्हणाला. वेचणी झाली की निघायचं ठरलं.

वेचणीला मी गेले. एरवी जात नाही, पाठ दुखते, आणि माझ्या हाताला बोंडाची टोकं फार लागतात. पण त्या वर्षी मजूर लावण्यासारखं काही नव्हतं आणि बसून राहणं मला जमत नाही. जाऊ, मी, तिच्या शेजारच्या चार बायका. बोंडं सुपारीच्या पुढे वाढली नव्हती. वाळून वेळेआधीच तडकलेली, निम्मी अर्धवट उघडलेली, आत कवडी, म्हणजे बोंडाला चिकटलेला पिवळट कापूस. ती बोटांनी उकरून काढावी लागते. ज्या पहिल्या ओळींना दुसरं पाणी लागलं होतं आणि कडेच्या ज्यांना ड्रमचं मिळालं होतं तिथे थोडा पांढरा कापूस होता, तेवढ्या ओळींत बायका बोलत होत्या. पुढे बोलणं बंद झालं, कारण एका झाडावर दोन बोंडं, मग तीन झाडं सोडून एक, असं चालत राहावं लागत होतं, आणि चालताना कोणी बोलत नाही.

त्या चार एकरात दरवर्षी तीन वेचे होतात, एकेक वेचा आठ दिवस चालतो. आम्ही सहाजणी सकाळी नऊला लागलो. साडेतीनला शेत संपलं आणि जाऊने सगळ्यांच्या ओटीतला कापूस चादरीवर टाकला, चादरीची चार टोकं बांधली आणि एकटीनेच डोक्यावर घेतली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, “राहू द्या वहिनी, हलकी हाय.”

दुसरा वेचा नव्हता. पाचच्या जीपने मी दारव्ह्याला परत आले.